मार्च महिन्यातील ग्योतोकु : एका माध्यमिक शाळेचे वर्षअखेर

शाळेतून आलेल्या सूचनापत्रात तीन गोष्टी ठळक अक्षरांत होत्या. पालकांनी वेळेआधी १५ मिनिटे आसनस्थ व्हावे. घरात घालायच्या सपाता आणि काढलेल्या बुटांसाठी एक पिशवी सोबत आणावी. सायकलने येऊ नये. पदवीदान समारंभाचे हे निमंत्रण आम्ही सात-आठ कुटुंबांनी मिळून दोनदा वाचले. आपल्या ग्योतोकुतील धम्मबांधवांपैकी चार घरांची मुले यंदा एकाच वेळी माध्यमिक शाळेतून बाहेर पडणार होती आणि असा प्रसंग आमच्या गटात यापूर्वी कधी आला नव्हता.

जे वाचक जपानबाहेर राहतात त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. येथे शाळेचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होऊन मार्चमध्ये संपते. सहा वर्षे प्राथमिक, त्यानंतर तीन वर्षे माध्यमिक, म्हणजे आपल्याकडील सातवी ते नववी. येथवरचे शिक्षण सक्तीचे व विनाशुल्क आहे. मात्र ही सक्ती परदेशी नागरिकांच्या मुलांना लागू नाही. पालकांनी नगरपालिकेत जाऊन अर्ज केला तर सरकारी शाळा प्रवेश देते आणि शुल्क घेत नाही. अर्ज केला नाही तर कायद्याच्या दृष्टीने काहीच बिघडत नाही. २०१९ मध्ये शिक्षण मंत्रालयाने देशभर प्रथमच पाहणी केली, तेव्हा सुमारे २०,००० परदेशी मुले शाळेबाहेर असण्याची शक्यता पुढे आली. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना शाळेच्या दारात उभे राहण्याची परवानगी मागावी लागली, त्यांना सक्ती नसलेल्या ठिकाणी अर्ज करण्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

आमच्यापैकी बहुतेक जण संगणक अभियंते. प्रथम नदीपलीकडे निशिकासाईत राहिलो, कारण तेथे भारतीय दुकाने होती आणि ओळखीचे लोक होते. पुढे कुटुंबे वाढली, तसे एदोगावा ओलांडून चिबा प्रांतात, इचिकावा शहराच्या या दक्षिणेकडील भागात आलो. येथे घरभाडे थोडे कमी, आणि तोझाई मार्गाची मेट्रो दाराशी. तिच्या सकाळच्या गर्दीविषयी न बोललेलेच बरे. ग्योतोकु हे एके काळी मिठागरांचे गाव. तोकुगावा शोगुनांच्या काळात येथील मीठ कालव्यातून एदो नगरीत जात असे. जुन्या भागात इतकी बौद्ध मंदिरे आहेत की 'ग्योतोकुत हजार घरे आणि शंभर मंदिरे' अशी म्हण पडली. गावाच्या नावातील दोन अक्षरांचा अर्थ आचरण आणि सद्गुण. पहिल्यांदा हे कळले तेव्हा आम्हांला उगीचच आनंद झाला होता, हे कबूल केले पाहिजे.

आमची चारही मुले सरकारी शाळेतील. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळाही टोकियोत आहेत आणि चांगल्या चालतात. पण फी हे एक कारण, आणि दुसरे कारण आम्ही मोकळेपणाने फारसे बोलत नाही. जेथे सर्व मुले भारतीय, तेथे आडनावानंतरचा प्रश्नही भारतीयच असतो. जपानी मुले आमच्या मुलांना गणित येते का आणि रोज करी खाता का, एवढेच विचारतात.

वर्षअखेरीची येथील शाळांची धांदल डिसेंबरपासून सुरू होते. आधी शिक्षक, पालक व विद्यार्थी अशा तिघांची बैठक, ज्यात पुढच्या शाळेविषयी ठरवायचे. मग सुटीपूर्वी 'ओसोजी', म्हणजे मोठी सफाई. तिच्याविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे.

येथे सरकारी शाळेत वर्ग, जिने, हातधुण्याच्या जागा, संडाससुद्धा मुलेच स्वच्छ करतात. रोज थोडे, आणि सत्राअखेरीस सर्व मिळून. त्यासाठी प्रत्येकाने घरून एक 'झोकिन' आणायचे असते. जुना टॉवेल घडी घालून शिवलेले फडके. दोन्ही हात त्यावर टेकून, गुडघे न टेकवता, मुले लांबच लांब व्हरांड्यातून शर्यत लावून ते ढकलत नेतात. दुपारचे जेवणही मुलेच पांढरे अंगरखे व टोप्या घालून वाढतात. इचिकावातील शाळांत हे जेवण २०२३ पासून विनामूल्य आहे. कोण वाढतो आणि कोण वाढून घेतो, याचा क्रम भिंतीवरच्या तक्त्यावर ठरतो व दर आठवड्याला फिरतो.

आमच्यापैकी एका घरी गेल्या उन्हाळ्यात आजी आल्या होत्या. भंडारा जिल्ह्यातील. नव्वद दिवसांचा व्हिसा. नातू तिसऱ्या वर्गात, म्हणजे शाळेच्या शेवटच्या वर्षात. एके रात्री सून झोकिन शिवत बसली होती, ते पाहून आजींनी विचारले. नातवाने मोडक्या मराठीत समजावले. आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आमच्या शाळेत झाडू आमच्याच हातात होता. गुरुजी नाव नाही घेत, नुसतं बोट दाखवत. अन् इथं सगळ्यायच्या हातात फडकं? त्या हेडमास्तरच्या पोराच्याही?" नातू म्हणाला, हो, त्याच्याही. आजींनी सुनेच्या हातून ते फडके घेतले आणि उरलेली शिवण स्वतः घातली.

बाबासाहेबांच्या आत्मकथनपर टिपणांत सातारच्या शाळेतील गोणपाटाची आठवण आहे. छोट्या भिवाला वर्गात कोपऱ्यात वेगळे बसावे लागे, तेही घरून आणलेल्या गोणपाटावर. शाळा झाडणारा नोकर ते गोणपाट शिवत नसे, म्हणून ते संध्याकाळी घरी न्यायचे आणि सकाळी पुन्हा आणायचे. ७ नोव्हेंबर १९०० हा त्यांच्या शाळाप्रवेशाचा दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. शाळेत घरून न्यायच्या या दोन कापडांतील अंतर आमच्या मुलांना वेगळे शिकवावे लागत नाही, पण त्यांना ते दिसावे असे वाटते.

अर्थात जपान म्हणजे समतेचे बेट, असा भाबडा समज आम्ही बाळगत नाही. येथेही चामड्याचे व मृत जनावरांचे काम करणाऱ्यांना शतकानुशतके अस्पृश्य मानले गेले. १८७१ मध्ये फर्मानाने तो भेद कागदावर मिटला. तो समाजातून मिटावा म्हणून त्या लोकांना ३ मार्च १९२२ रोजी क्योतो येथे स्वतःची 'सुइहेइशा' ही संघटना उभारावी लागली. महाडच्या सत्याग्रहापूर्वी पाच वर्षे. आणि त्यांच्यावरील भेदभाव संपविण्यासाठी वेगळा कायदा करावा लागला तो २०१६ मध्ये.

हा विषय शाळेत येतो तो मानवाधिकार सप्ताहाच्या निमित्ताने. जपानमध्ये ४ ते १० डिसेंबर हा सप्ताह पाळतात, कारण १० डिसेंबर १९४८ रोजी मानवाधिकारांचा जागतिक जाहीरनामा स्वीकारला गेला. न्याय मंत्रालयाच्या वतीने माध्यमिक शाळांतील मुलांसाठी १९८१ पासून मानवाधिकार निबंध स्पर्धा होते. निबंध उन्हाळी सुटीत लिहायचा असतो. आमच्या मुलांनी आजवर मोबाईलवरची छळवणूक, वृद्धांना जागा देणे, असे विषय घेऊन ते काम उरकले होते. यंदा त्या नातवाने निबंधाला शीर्षक दिले, 'सोबो नो होकी'. आजीचा झाडू.

सप्ताहात काही निबंध व्हरांड्यात लावायचे ठरले आणि वर्गशिक्षिकेने पालकांची संमती मागितली. मुलाचे वडील ते पत्र घेऊन रविवारच्या वंदनेला आले. बुद्धवंदना झाल्यावर चहा घेताना त्यांनी ते मध्ये ठेवले.

"इथे पाच वर्षांत मला एकाही जपानी माणसाने आडनावानंतरचा प्रश्न विचारला नाही," ते म्हणाले. "तो प्रश्न आपणच भिंतीवर का लावायचा? शाळेत आणखी दोन भारतीय घरची मुलं आहेत. ते वाचतील."

आमच्यात मते दोन झाली आणि ती पती-पत्नींच्या मधूनही गेली. काहींचे म्हणणे, लपविणे म्हणजे मान खाली घालणे. काहींचे म्हणणे, पंधरा वर्षांच्या मुलाला आपल्या धैर्याची परीक्षा द्यायला पाठवू नये, त्याला फेब्रुवारीत दुसरी परीक्षा आहेच. वाद तासभर चालला. शेवटी मुलाची आई म्हणाली, निबंध आजींवर आहे, तर आजींना विचारा. फोन लावला. आजींनी सगळे ऐकून एकच विचारले, "माझं नाव टाकलं का त्यात?" नाव नव्हते. 'सोबो' एवढेच होते. आजी थोड्या हिरमुसल्या. संमतिपत्रावर सही झाली.

६ डिसेंबरला, महापरिनिर्वाण दिनी, आमच्यापैकी तिघे अर्धी रजा घेऊन बैठकीच्या निमित्ताने शाळेत गेलो. निबंध जिन्याजवळ होता. त्या दोन भारतीय घरांपैकी एका घरची आई आपल्या मुलासह तेथे उभी होती. तिला कांजी वाचता येत नसावीत. मुलगा तिला एकेक वाक्य हिंदीत सांगत होता. 'बोट दाखवत' या वाक्यापाशी तो थांबला, आईकडे पाहिले आणि मग ते वाक्यही त्याने सांगितले. आम्ही मागे होतो हे तिला ठाऊक नव्हते. ती म्हणाली, "अच्छा लिखा है," आणि पुढे गेली. याचा अर्थ काय लावायचा यावर आमचे अजून एकमत नाही. तिच्या मुलाने मात्र दुसऱ्या दिवशी आमच्या मुलाला विचारले म्हणे, तुझी आजी अजून जिवंत आहे का, कारण त्याची नाही.

जानेवारी आणि फेब्रुवारी प्रवेशपरीक्षेचे. पुढची तीन वर्षांची उच्च माध्यमिक शाळा सक्तीची नाही. ती परीक्षा देऊन मिळवावी लागते. चिबा प्रांतात सरकारी शाळांची परीक्षा २०२१ पासून एकदाच, दोन दिवसांची. पहिल्या दिवशी जपानी, गणित व इंग्रजी. दुसऱ्या दिवशी विज्ञान व समाजशास्त्र. प्रत्येकी १०० गुण. याखेरीज माध्यमिक शाळेतील तीनही वर्षांचे नऊ विषयांचे गुण धरतात, कमाल १३५. आम्ही अभियंते असल्याने या सूत्राची कोष्टके करून पाहिली आणि एक गोष्ट स्पष्ट झाली. जो मुलगा पाचवीत असताना, जपानीचा एक शब्द न येता, या देशात आला, त्याच्या पहिल्या वर्षाचे कमी गुण शेवटपर्यंत त्याच्याबरोबर चालतात. नुकत्याच आलेल्या परदेशी मुलांसाठी वेगळी निवड आहे, पण तिची मर्यादा जपानमध्ये आल्यापासून तीन वर्षांची. आजीच्या नातवाला येथे येऊन चार वर्षे उलटली होती. म्हणजे सवलतीसाठी तो जुना आणि स्पर्धेसाठी नवा. शिवाय चिबाच्या जपानी भाषेच्या प्रश्नपत्रिकेत ध्वनिफीत ऐकून उत्तरे लिहायचा भाग असतो. रोजचे बोलणे समजणे आणि ते समजणे यांत फरक आहे.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात निकाल लागला. आमच्या तीन मुलांना हव्या त्या शाळा मिळाल्या. त्याला मिळाली नाही.

खाजगी शाळेचा पर्याय होता, पण तिचा खर्च घरात धाकटी बहीण असताना झेपणारा नव्हता. सरकारी शाळांची दुसरी फेरी मार्चच्या मध्यावर होती. वर्गशिक्षिकेने 'तेइजिसेइ'चे नाव सुचविले. ही संध्याकाळची उच्च माध्यमिक शाळा. वर्ग साधारण साडेपाचला सुरू होतात, मध्ये शाळेतच जेवण, रात्री नऊपर्यंत शिक्षण. अभ्यासक्रम सहसा चार वर्षांचा, प्रमाणपत्र मात्र दिवसाच्या शाळेइतकेच वैध. येथे काम करून शिकणारी मुले असतात, शाळा सोडून परत आलेली असतात, आणि परदेशांतून आलेलीही असतात. वडिलांनी ते नाव ऐकल्यावर शिक्षिकेसमोर मान हलविली. घरी येऊन त्या दिवशी ते जेवले नाहीत.

अशा मनःस्थितीत पदवीदानाचा दिवस उगवला. शाळेच्या व्यायामगृहात जमिनीवर हिरवी जाजमे अंथरली होती, भिंतींवर तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचे पडदे होते. कडाक्याची थंडी, आणि पायांत पातळ सपाता; सूचनापत्रात जाड मोजे घालून या, हे चौथे वाक्य हवे होते. मुले आली ती इतक्या सरळ रांगांत की त्यांनी आठवडाभर तालीम केली असणार. वर्गशिक्षिका एकेक नाव पुकारते, मूल 'हाई' म्हणून उठते, मंचावर जाऊन मुख्याध्यापकांकडून दोन्ही हातांनी प्रमाणपत्र घेते. आमच्या त्या मुलाच्या आडनावात 'ढ' आहे. जपानीत तो ध्वनी नाही. शिक्षिकेने दोन दिवस आधी घरी फोन करून ते नाव तीन वेळा म्हणून घेतले होते. समारंभात 'ढ'चा 'द' झालाच. पण मुलाचे 'हाई' साऱ्या सभागृहात सर्वांत मोठे होते. त्याच्या वडिलांनी तोवर मोबाईल खिशातून काढला नव्हता. तेव्हा काढला, पण उशीर झाला होता.

शेवटी मुलांनी 'ताबिदाची नो ही नी' हे गीत चार सुरांत गायले. आता हे जपानभर पदवीदानात गातात, पण ते जन्मले साइतामा प्रांतातील चिचिबु येथील कागेमोरी माध्यमिक शाळेत, १९९१ मध्ये. शाळा बेशिस्त झाली होती आणि मुख्याध्यापक कोजिमा नोबोरु यांनी तिला गाण्याच्या मार्गाने सावरायचे ठरविले होते. निवृत्तीच्या वर्षी त्यांनी शब्द लिहिले, संगीतशिक्षिका साकामोतो हिरोमी यांनी चाल दिली, आणि शिक्षकांनीच ते जाणाऱ्या मुलांना गाऊन दाखविले. हे आम्हांला शेजारी बसलेल्या एका जपानी पालकाने कुजबुजत सांगितले, नंतर आम्ही पडताळून पाहिले. आमच्यापैकी कुणाला त्या गीताचे सगळे शब्द कळले नाहीत. मुलांना कळत होते आणि ती रडत होती.

मार्चअखेरीस आम्ही या चौघांचा छोटा सत्कार करायचे योजिले होते. वडील म्हणाले, "तिघांचा करा. माझ्या मुलाला त्यात उभं करू नका." दुसऱ्या फेरीत त्याला संध्याकाळच्या शाळेत प्रवेश मिळाला होता, तरीही.

तेव्हा आमच्यातील एका ज्येष्ठ उपासिकेने एक जुनी हकिकत काढली. कृष्णाजी अर्जुन केळुस्कर गुरुजींनी बाबासाहेबांना बुद्धचरित्र भेट दिले, हे आपणा सर्वांना पाठ आहे. चरित्रकार तो प्रसंग १९०७ च्या मॅट्रिकनंतरचा सांगतात. पण बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी एप्रिल १९५६ मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत वेगळेच नोंदविले आहे: तो सत्कार चौथी इंग्रजी उत्तीर्ण झाल्याबद्दलचा होता. इतर समाजांत ज्याची कोणी दखलही घेतली नसती, असे ते यश. आणि सुभेदार रामजींनी आधी साफ नकार दिला होता; मुलाने परीक्षाच तर दिली आहे, सत्काराने त्याचे डोके फिरेल, असे त्यांचे म्हणणे. लोक दादा केळुस्करांकडे गेले, त्यांनी रामजींची समजूत घातली, आणि मग सभा झाली. पुस्तक मिळाले ते त्या सभेत.

वडील ऐकत राहिले. कोणीतरी म्हणाले, आपल्याच इचिकावात १९८२ पासून रात्रीची माध्यमिक शाळा चालते. आणखी कोणी मुंबईच्या सिद्धार्थ रात्रशाळेचे नाव घेतले. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ती काम करून शिकणाऱ्यांसाठीच काढली होती आणि आमच्यातील एकाचे आजोबा अशाच एका रात्रशाळेत शिकले. वडिलांनी होकार दिला नाही, नकारही दिला नाही. दार उघडे होते आणि आतल्या खोलीतून मुलगाच म्हणाला, "मी येतो. पण अभिनंदन म्हणू नका. अजून मी काही केलेलं नाही." रामजींचे वाक्य त्याने कधी वाचलेले नव्हते. आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि कोणी हसलो नाही.

सत्कार नागरी सभागृहातील एका खोलीत झाला. प्रत्येकाला 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचा यामागिवा मोतोओ यांनी केलेला जपानी अनुवाद दिला. मराठी प्रत द्यावी की जपानी, यावरही चर्चा झाली होती. मुले जपानी सहज वाचतात, मराठी अडखळत. आमचे नेमके उलट. परिणाम असा की आम्ही दिलेले पुस्तक आम्हांलाच वाचता येत नाही आणि मुले आम्हांला त्यातले वाचून सांगतात. मोबाईलच्या पडद्यावर भंडाऱ्याहून आजी होत्या. चारही मुलांना त्यांनी "जयभीम, शिका बाप्पा" म्हटले आणि नातवाला विचारले की रात्रीच्या शाळेतही फडके न्यावे लागते का. त्याने अजून ठाऊक नाही म्हणून सांगितले.

त्याची शाळा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होईल. आजवर १४ एप्रिलची सामुदायिक वंदना आपण संध्याकाळी सात वाजता, सर्वांची कार्यालये सुटल्यावर घेत आलो आहोत. त्या वेळी तो वर्गात असेल. म्हणून यंदा वंदना सकाळी साडेसहाला, नेहमीच्याच घरी होईल. चहा तेथे मिळेल. सपाता आपापल्या आणाव्यात.